शून्यशेठ

चहाचा ग्लास उचलण्याआधी शून्यशेठ एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, मग उजव्या खांद्यावरून, आणि मगच हात पुढे करायचा. महाडच्या एसटी कॅन्टीनमधल्या नवख्या माणसाला वाटे, याच्या मागे एक तर पोलीस लागलेत किंवा बायको. दोन्ही खोटं. पोलिसांना तो ठाऊक नव्हता, आणि बायकोच्या मागे उलट तोच असायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. "बॉल पायात आल्यावर बघतो, तो उशिरा बघतो." चहाला हे तत्त्व कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, सवय एकदा मोडली की परत लागत नाय. मी म्हटलं, लग्नाच्या वेळी बघितलं होतंस का रे मागे? त्यावर त्याने चहा संपवला आणि बिल माझ्याकडे सरकवलं.

त्याचं खरं नाव युसूफ. शाळेत आम्ही एका बाकावरचे. पुढे मी वडिलांच्या औषधाच्या दुकानात चिकटलो आणि हा पठ्ठ्या पाच देशांत फुटबॉल खेळून आला. पैसे घेऊन, करार करून, रीतसर. तो मिडफिल्डर होता. म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. आमच्या गावाला हे काम कधी कळलंच नाही. त्याला गावाचा एकच प्रश्न असे, किती गोल केलेस? आणि त्याचं एकच उत्तर, एकही नाही. परदेशातून येणारा म्हणून शेठ आणि गोलांचा आकडा म्हणून शून्य. हे बारसं मटणवाल्याने केलं, पण नाव अख्ख्या बाजाराने मिरवलं, मीही मिरवलं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. गावाने काय म्हणावं याची त्याला फिकीर नव्हती. त्याला एकाच माणसाची होती.

तो माणूस म्हणजे त्याचे वडील, रज्जाकचाचा. मुंबई-गोवा रस्त्यावर ट्रक चालवायचे आणि तरुणपणी कबड्डीत चढाईला गेले की दोघातिघांना मारल्याशिवाय परतत नसत. आमच्या भागात खेळ म्हणजे कबड्डी. कबड्डीत माणूस आत जातो, गुण घेऊन येतो, आणि नाही आला तर बाद होऊन मुकाट्याने बाहेर बसतो. चाचांच्या डोक्यात दुनियेचा हिशेब हाच होता. मुलगा दरवर्षी सुट्टीवर आला की बॅगा खाली ठेवायच्या आत विचारायचे, "किती?" हा मान हलवायचा. मग चाचा खाटेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे. दुसऱ्या दिवसापासून बोलणं सुरळीत होई, पण ती पहिली संध्याकाळ युसूफला वर्षभर पुरत असावी.

मुळात तो फुटबॉलला लागला तोही चाचांमुळेच. शाळा सुटल्यावर तो त्यांच्याच ट्रकवर क्लीनर होता. कशेडी घाटात एका पावसाळ्यात दरडीचा दगड घासून ट्रकचा डावा आरसा फुटला होता. चाचांनी दुसरा बसवला नाही. युसूफ डावीकडच्या दारातून मान बाहेर काढून बसायचा, मागचं बघायचा आणि सांगायचा, जाऊ दे, थांब, आता घे. एकदा गोव्यात माल उतरायला दोन दिवस लागले, तेव्हा हा शेजारच्या मैदानावर पोरांत खेळायला गेला आणि कुठल्याशा क्लबच्या माणसाच्या नजरेत भरला. चाचा एकटेच परत आले. पुढे कितीतरी वर्षं कोणी विषय काढला की म्हणायचे, "माल पोचला, क्लीनर तिकडंच उतरवून घेतला."

गोव्यातून तो गेला मस्कतला, तिथून बहरीन, मग ढाका, मालदीव आणि शेवटी मलेशिया. एका क्लबात दोन मोसम टिकला तर खूप. प्रत्येक देशाबद्दल त्याची एकेक तक्रार पक्की होती. मस्कतला मैदान इतकं तापायचं की बूट घालायच्या आधी पाण्यात बुडवायचे. ढाक्याला चिखल असा, की आपली भातलावणी आठवावी. मालदीवला चेंडू जोरात मारला की समुद्रात, म्हणून तिथले लोक फार सभ्य खेळतात. येताना तो पोतंभर जर्सी आणायचा आणि वाटून टाकायचा. मटणवाला बहरीनच्या लाल जर्सीत खिमा करायचा, केळीवाला ढाक्याच्या हिरव्यात उभा असायचा, आणि सगळ्यांच्या पाठीवर आठ नंबर. मला मलेशियाची मिळाली. आईने तिचं पायपुसणं केलं, पण ते फार टिकाऊ निघालं.

वडिलांसाठी मात्र तो वर्तमानपत्रांची कात्रणं आणायचा. फोटो नेहमी गोल मारणाऱ्याचा, हवेत उडी घेतलेला, आणि भोवती मिठी मारणारे. चाचा चष्मा लावून, कागद उन्हात धरून बघायचे आणि विचारायचे, ह्यात तू कुठं? तो बोट ठेवायचा. "हा कोपर दिसतो ना, तो मी." चाचा कागदाची नीट घडी करून परत द्यायचे. एवढा मोठा खेळाडू, पण घरात त्याची ओळख कोपरापलीकडे गेली नाही.

मग गुडघा गेला. पस्तिशीच्या आतबाहेर असताना तो कायमचा परतला आणि रोज माझ्या दुकानात मलम घ्यायला येऊ लागला. मलमाने काही होणार नाही हे त्यालाही माहीत होतं, मलाही. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. एक दिवस काउंटरवर टेकून, आधी दोन्ही खांद्यांवरून बघून घेऊन तो म्हणाला, "एक मॅच लावू या रे. अब्बानी एकदा बघावी. मी पाच देशांत उंडारत नव्हतो, काम करत होतो, एवढं दिसलं पायजे त्यांना." एवढं बोलून त्याने मलमाची ट्यूब उचलली आणि गेला. मी आयुष्यात पळण्याचं काम टाळत आलेला माणूस, पण त्या वाक्याने अडकलो.

महाड विरुद्ध पोलादपूर असा सामना ठरला. रस्त्यालगतच्या भातखाचरात, कापणी झाल्यावर. बाजूची रेषा म्हणजे बांध, आणि पायाखाली धसकटं. बक्षीस आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे बोकड, तोही सर्वांत जास्त गोल मारणाऱ्याला. खेळाडू सगळे कबड्डीचे, आणि भरतीला एक मी. युसूफने आठवडाभर शिकवलं, पण रक्तातलं जातं कुठे? बचाव करायची वेळ आली की मागचे चारी जण एकमेकांचे हात धरून साखळी करायचे आणि चेंडू सोडून माणसाला घेरायचे. आमच्या एकाला तर विरोधी माणसाचा हात लागला, तर तो बाद झालो म्हणून बांधावर जाऊन बसला. पंचही कबड्डीचा, त्याने त्याला शाबासकी दिली. युसूफ डोक्याला हात लावून उभा होता. बांधावर खुर्ची टाकून चाचा बसले होते, आणि कर्ण्यावर बोलणारा घसा साफ करून गोलाची वाट बघत होता, कारण गोलाखेरीज काय सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटची मिनिटं आली तरी गोल झाला नव्हता. मग चेंडू युसूफकडे आला आणि त्या लंगड्या पायाने तो पोलादपूरच्या दोघांमधून असा निघाला, की मी बघतच राहिलो. त्यांचा गोलकीपर पकड करायला पुढे धावला. त्यांची साखळी डावीकडून वळत आली. समोर गोल उघडा, एक लाथ पुरली असती. सगळं खाचर ओरडत होतं, मार. चाचा खुर्चीतून उठले होते. त्यांच्या सगळ्या वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर आता त्या पायात होतं. आणि त्या भल्या माणसाने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, उजव्या खांद्यावरून बघितलं, आणि चेंडू मागे माझ्याकडे सरकवला. मी काय केलं ते मला आजही सांगता येत नाही. चेंडू माझ्या नडगीला लागला आणि गोलात गेला.

कर्ण्यावर माझं नाव चार वेळा झालं, औषधवाले जोशी, औषधवाले जोशी. मला खांद्यावर घेतलं आणि खाली पाडलं. युसूफला कोणी विचारलं नाही. अपवाद मटणवाल्याचा, त्याने शिव्या दिल्या. मी धापा टाकत विचारलं, मूर्खा, मारला का नाहीस? तो म्हणाला, "मारला असता तर बहुतेक लागला असता. तुझा नक्की होता." खरं सांगतो, मला त्याचा राग आला. बापाला दाखवायला मॅच लावतोस आणि ऐन वेळी शून्याचं शून्यच?

चाचा धसकटातून चालत आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी युसूफकडे पाहिलंच नाही, मला विचारलं, तू कुठं उभा होतास? मी म्हटलं, याच्या मागे, डावीकडे. चाचांनी मागे वळून ती जागा नजरेने मोजली. मग कर्णेवाल्याकडे वळून म्हणाले, "जोशाचं नाव पुरे झालं आता. ह्या माझ्या पोराचं घे. माझ्या गाडीचा डावा आरसा हाय तो. फुटल्यावर मी दुसरा बसवला नाय, हा होता म्हणून." आणि पोराच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, घरी चल, गुडघ्याला तेल लावू. युसूफ भर खाचरात रडला. मीही रडलो, पण मला नडगीचं निमित्त होतं.

बोकडाला माझ्या आईने फाटकातूनच परत पाठवलं. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. तो चाचांकडे गेला आणि दोन्ही संघ तिथे जेवले. मला वेगळी डाळ केली होती, ती मी बक्षीस म्हणून खाल्ली.

पुढे युसूफ पोरांना शिकवायला पुन्हा मालदीवला गेला. दर शुक्रवारी फोन यायचा आणि चाचा विचारायचे, "किती दिले?" तो पास आठवून सांगायचा, अमक्या पोराला दोन, तमक्याला एक. चाचा बेरीज करून शेजाऱ्यांना ऐकवायचे. बाजारातही प्रश्न हळूहळू तसाच झाला, पण नाव मात्र शून्यशेठच राहिलं.

चाचा गेले तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नाही. आठवड्याने आला. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. मी आपला सवयीने विचारून बसलो, यंदा किती दिले रे? चहाचा ग्लास समोर होता. त्याने डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, आणि या वेळी मान परत वळवायला त्याला उशीर लागला. "दिले बरेच," तो म्हणाला. "पण आता मोजायला कुणी नाय."

उजवीकडे त्याने बघितलंच नाही. तसाच चहा प्यायला.