दिवेलागणीचा पडदा

कुणाच्याही घरी नवा पडदा लागला की अनसूयाकाकू तो आत येऊन बघायच्याच नाहीत. अंगणातून परत फिरून रस्त्यावर जायच्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि तिथूनच ओरडायच्या, "अगो, तुझी चूल दिसतेय हितून! आतून बगून काय कळतंय? पडदा रस्त्यावरून बगायचा."

आगरदांड्याला धक्क्याकडे जाणाऱ्या उतारावर आमची घरं शेजारीशेजारी. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस काकूंच्या खिडकीवरून जायचा, आणि ती खिडकी रस्त्याला इतकी लागून की चालताचालता कुणीही आतला चहाचा कप उचलावा. काकूंनी जन्मभर अंगणवाडी चालवली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, अंगकाठी चिमणीची, आवाज मात्र खाडीपलीकडे दिघीला ऐकू जाईल असा. मी शाळेत शिकवते, पोरं मला टरकून असतात, पण काकूंपुढे उलट बोलायची माझी कधी प्राज्ञा झाली नाही.

मागच्या वर्षी गणपती नुकतेच गेले होते, तेव्हा त्यांची भाची रेखा सकाळच्या बोटीने पलीकडून आली. ओढणीखाली मानेवर बोटांचे निळे वळ होते. नवऱ्याने तिला खिडकी नसलेल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. काकूंनी मला कुंपणाशी बोलावलं. "माझ्याकडं कोण आलेलं न्हाय. कळलं?"

"कळलं."

"मग रेखा दिसली का तुला?"

"हो, आत्ताच..."

"मेले, न्हाय दिसली म्हण!" तसं म्हटल्यावरच माझी सुटका झाली.

अडचण पुढेच होती. खिडकी लावली की रेखाचा श्वास कोंडायचा, घामाघूम होऊन ती दाराकडे धावायची. खिडकी उघडी ठेवावी तर सारा धक्का आत डोकावणार. म्हणून आम्ही दोघी मुरूडला पडदे घ्यायला गेलो. दुकानदाराने जाडजूड कापड पुढे टाकलं. "काकू, हा लावा. भर दुपारी रात्र होईल."

"रात्र पुरे झाली तिला," काकू बोलून गेल्या, आणि लगेच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मांजरीला." मांजराचा त्यांना तिटकारा होता.

शेवटी पातळ पांढरं कापड पसंत पडलं. काकूंनी ते दुकानाच्या दारात धरलं, आपण मागे उभ्या राहिल्या आणि मला भर उन्हात समोरच्या बाजूला पिटाळलं. "बोटं किती?"

"कसली बोटं?"

"घेतला!" त्या पडद्याआडून ओरडल्या.

पडदा लागला आणि रेखा उजेडात बसून तांदूळ निवडू लागली. एका दुपारी तिचा नवरा संतोष आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. तो नेमका खिडकीसमोर थांबला, आणि आत हाताच्या अंतरावर रेखा सूप मांडीवर घेऊन गोठून बसली होती. काकू दारात आल्या. मी माझ्या ओट्यावर होते.

"मावशी, रेखा आलीय का?"

"डोळं हायत ना तुला? दिसतंय का कोण?"

त्याने पडद्याकडे टक लावून पाहिलं. "नाही दिसत," म्हणाला आणि हसला. पण बोटीकडे न जाता समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

काकूंचा एक नेम होता. दिवेलागणीला दार-खिडकी लावायची नाही, लक्ष्मी परत फिरते. त्या संध्याकाळीही त्यांनी खिडकी उघडीच ठेवली आणि भिंतीकडचा दिवा लावला. मी दूध घेऊन येत होते. उतारावरच थबकले. पडद्यावर दोन बायकांच्या सावल्या उमटल्या होत्या. एक काकूंची, दुसरीची लांब वेणी, खांद्यावर ओढणी. टपरीवर संतोष उभा राहून बघत होता. मी धावत आत शिरले.

"काकू, बाहेरून दिसतंय सगळं!"

"मी रस्त्यावरून बगितलाय तो."

"उन्हात बघितलात हो!"

काकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात संतोष पायरीपर्यंत आलाच. काकूंनी दारात उभं राहून जो आवाज लावला, त्याने बोटीतून उतरलेली माणसं गोळा झाली. तो दोन पावलं मागे सरला. "मला घाई नाही, मावशी. बाहेर येईलच की कधीतरी." पोलीस ठाण्यात सांगितलं तर म्हणाले, रस्त्यावर उभं राहणं हा काय गुन्हा आहे?

दुसऱ्या दुपारी रेखाला आम्ही मागच्या माडांच्या वाडीतून काढलं आणि माझ्या बहिणीने तिला गाडीत घालून लांबच्या शहरात नेलं. तिथे ती नर्सिंग शिकायला लागली. संतोषला याचा पत्ता नव्हता. त्याने धक्क्यावरच रिक्षा लावायला सुरुवात केली.

त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला मी काकूंकडे गेले तर पाहतच राहिले! जन्म साडीत गेलेली ही बाई रेखाचा पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला गंगावन लावून, दिव्यापुढे खिडकीला पाठ करून बसलेली.

"हसू नको, मेले. तिचं शिक्षाण व्हईपर्यंत त्याचं डोळं हितंच ऱ्हायला हवंत. तो तिकडं शोधायला गेला म्हंजे?"

"आणि तो आत घुसला तर?"

"तर काय? म्हातारी गावंल त्याला." त्यानंतर एकही संध्याकाळ त्यांनी चुकवली नाही. ताप असला तरी वेणी लावून बसायच्या.

या पावसाळ्यात त्यांचा ताप छातीत उतरला आणि रात्री अलिबागच्या दवाखान्यात नेलं, तर पहाटे काकू गेल्या. मी फोनवर रेखाला बजावलं, रड हवी तेवढी, पण इकडे येऊ नकोस, तुझी परीक्षा व्हायचीय. आवाज मी काकूंसारखाच चढवला.

त्यांना पोहोचवून आलो, त्या संध्याकाळी संतोष काकूंच्या फाटकापाशी उभा होता. "वाईट झालं," तो म्हणाला. "आता रेखा एकटीच ना आत?"

"मी आहे तिच्यासोबत," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

ड्रेस मला होईना. नुसती ओढणी घेतली, वेणी लावली, दिवा लावला आणि खिडकीला पाठ करून बसले. बाहेर चपला वाजल्या आणि अगदी जवळ येऊन थांबल्या. पडद्याला लागून, मऊ आवाजात तो म्हणाला, "रेखा, आज मारणार नाही. ये बाहेर." थोडा थांबून पुन्हा तेच म्हणाला. मी ओढणीचं टोक दातांत धरून बसले. काकूंनी हे रोज ऐकलं असणार, आणि मला कधी एका शब्दानं सांगितलं नाही.