बारवेत ओतलेलं पाणी

माझी गोष्ट तुमच्या कानावर आली असेल. नांदेडच्या पेपरांत ती छापून आली, कॉलेजांमधून मी स्वतःच ती सांगत फिरले — कंधारला लग्नांची शूटिंग करणारी पोरगी टीव्हीच्या स्पर्धेत निवडली गेली, देशोदेशी फिरून डॉक्युमेंट्री केल्या आणि जिंकून आली. ती गोष्ट खरी आहे. फक्त सांगताना एका जागी मी नेहमी वळसा घेते. त्या जागी काय आहे ते मी कुणापुढंच बोललेले नाही. नवऱ्यापुढंसुद्धा नाही. आज तुमच्यापुढं का बोलते आहे? खरंच माहीत नाही.

आधी एक सांगून टाकते. मला त्या दिवसांचा अभिमान वाटतो. आजही वाटतो. पुढचं सगळं ऐकल्यावर तुम्हाला तो निर्लज्जपणा वाटेल — वाटू दे. पण तो लपवून पुढचं सांगितलं, तर ती आणखी एक लबाडी होईल.

कॅमेरा मला हमीदभाईंनी शिकवला. कंधारच्या बसस्टँडजवळ त्यांचा स्टुडिओ होता. मुसलमानांच्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरा घेऊन जात नसत, म्हणून त्यांना एक मुलगी हवी होती. मी बारावी होऊन घरी बसलेली. आमच्या गल्लीतल्या भीमजयंतीची मिरवणूक मी मोबाईलवर काढली होती, ती त्यांनी पाहिली आणि वडिलांना म्हणाले, पोरीची नजर चांगली हाय, माझ्याकडं पाठवा. मग कंधार, मुखेड, देगलूरपर्यंत लग्नं केली. नवरीच्या चेहऱ्यावर कधी थांबायचं आणि कधी कॅमेरा खाली घ्यायचा, हे मी तिथं शिकले. हमीदभाई मला ‘बेटा’ म्हणायचे.

मग ती स्पर्धा आली. एका चॅनलनं जाहीर केलं की आयुष्यात कधी डॉक्युमेंट्री न केलेल्या माणसांनी आपल्या गावातल्या एखाद्या गोष्टीवर छोटी फिल्म करून पाठवायची. निवडलेल्यांना चॅनल परदेशी पाठवणार, प्रत्येक देशात आठवडाभरात एक फिल्म, आणि दर वेळी एक जण घरी. अट एकच — जे दाखवाल ते खरं घडलेलं हवं, रचलेलं चालणार नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच ते वर्ष. आमच्याकडंही तीच गत. शिवाय उदगीरचा नवा जिल्हा होणार आणि त्यात कंधार जाणार की नांदेडलाच राहणार, यावर टपरीटपरीवर भांडणं चालायची. माणसं सकाळी टँकरच्या रांगेत भांडायची, दुपारी जिल्ह्यावरून.

माझी मामी कंधारच्या पलीकडं एका वाडीत राहते. कौसल्यामामी. आई सारखी आजारी असायची, म्हणून सातवीपर्यंत मी मामीकडंच वाढले. माझ्या वेण्या तिनंच घातल्या, मला पोहायलाही तिनंच शिकवलं — गावात पाणी असायचं तेव्हा. त्या उन्हाळ्यात वाडीला दिवसाआड टँकर यायचा. वाडीच्या कडेला एक जुनी बुजलेली बारव होती, पायऱ्यांची विहीर. टँकरवर किती दिवस जगायचं, म्हणून बायकांनीच ती उपसायला घेतली. पुरुष मागून आले.

मी हमीदभाईंचा कॅमेरा घेऊन वाडीतच मुक्काम टाकला. काय दिवस होते ते! गाळाच्या पाट्या एका हातातून दुसऱ्या हातात वर यायच्या. बायका कमरेला पदर खोचून पायऱ्यांवर ओळीनं उभ्या. एक एक पायरी मातीतून बाहेर निघायची, तसा मी तिचा शॉट घ्यायचे. मी जन्मात त्याहून चांगलं काही शूट केलेलं नाही. पण तळ लागला तरी पाणी लागेना. नुसता ओलसर दगड. आणि फिल्म पाठवायची मुदत संपत आली होती.

फिल्मला शेवट नव्हता. इतकी माणसं इतके दिवस खपतात आणि खाली कोरडा दगड — हाही शेवटच होता, हे आज मला कळतं. तेव्हा कळत नव्हतं का? थोडं कळत होतं. पण मला निवडून यायचं होतं.

मीच मामीला म्हटलं, टँकरचं पाणी कोपऱ्यातल्या दगडांच्या मागं ओतलं तर ते फटीतून झिरपत बाहेर येईल, झरा लागल्यासारखं दिसेल. मामीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं रागवेल. ती हसली आणि बायकांना गोळा करायला गेली. त्या दिवशी प्रत्येक घरातून एकेक घागर आली — प्यायच्या पाण्याची. बायकांना गंमत वाटत होती, भातुकली खेळल्यासारख्या हसत होत्या. पाणी दगडांतून बाहेर आलं आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. मामी खाली बसली, ओंजळीत पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. ती रडत होती. ते रडणं मी सांगितलेलं नव्हतं. पाणी खोटं होतं आणि मामी खरी होती — आणि मी कॅमेरा हलू दिला नाही.

चॅनलच्या बाईंचा मुंबईहून फोन आला. फिल्मचं खूप कौतुक करून त्यांनी विचारलं, “शेवटचं ते पाणी लागणं, ते तसंच घडलं ना?”

“हो मॅडम,” मी म्हणाले. इतकंच.

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच समजावत आले. पण पाणी ओतल्याचं अख्ख्या वाडीला माहीत होतं, त्याला लपवलेलं कसं म्हणायचं? मला जे सांगायचं आहे ते यापुढं आहे.

मी निवडले गेले. ज्या मुलीनं मुंबईसुद्धा पाहिली नव्हती ती विमानात बसली. जॉर्जियात एका बेकरीवाल्या म्हातारीवर फिल्म केली. जमिनीत पुरलेल्या भट्टीत ती कमरेपर्यंत वाकून रोटी चिकटवायची, तेव्हा दर वेळी वाटायचं की ही आता आत पडणार. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. मी तिच्याबरोबर पीठ मळत बसले आणि तिसऱ्या दिवशी ती कॅमेरा विसरली. मोरोक्कोत कातडी रंगवणाऱ्या भावांवर केली. माझ्यासोबत दिल्लीची, बंगलोरची शिकलेली मुलं होती, इंग्रजी फाडफाड बोलायची. त्यातलं एकेक घरी जात होतं आणि मी राहत होते. परीक्षक म्हणाले होते, ही मुलगी वाट बघू शकते. माझी निवड खोट्या पाण्यावर झाली असेल, पण त्या फिल्म खोट्या नव्हत्या. तो अभिमान मी कुणाला देऊन टाकणार नाही.

शेवटचा मुक्काम व्हिएतनामला होता. आम्ही तिघंच उरलो होतो. नदीवरच्या बाजारात होडीतून फिरून केस कापणारी एक बाई मला सापडली होती, तिच्यावर काम चालू होतं. त्याच आठवड्यात तिकडं घरी टीव्हीवर कार्यक्रमाचा पहिला भाग लागला. त्यात सगळ्यांच्या निवडीच्या फिल्म दाखवल्या. माझी पण.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी नदीकाठी होडीची वाट बघत उभी असताना हमीदभाईंचा फोन आला. आधी त्यांनी तब्येत विचारली, जेवण मिळतं का विचारलं. मग म्हणाले, वाडीचा टँकर बंद झाला. टीव्हीवर बारवेला पाणी लागलेलं सगळ्यांनी पाहिलं, म्हणून तहसीलनं तो शेजारच्या तांड्याला दिला. तांड्यालाही गरज होतीच, त्यात कुणाचं चुकलं म्हणायचं? वाडीची माणसं कंधारला तहसील कचेरीत गेली होती. पाणी खोटं होतं एवढं सांगितलं असतं तर टँकर परत मिळाला असता. पण निघताना मामीनं सगळ्यांना बजावलं होतं की तेवढं बोलायचं नाही, पोरीचं नाव जाईल. सगळी माणसं झरा आटला म्हणून सांगून आली. बघू, असं उत्तर मिळालं. आणि बायका ओढ्यापलीकडच्या एका शेतातल्या बोअरवरून डोक्यावर पाणी आणायला लागल्या.

हमीदभाई म्हणाले, “बेटा, तू फक्त हां म्हण. मी आज जाऊन खरं सांगतो.”

समोर नदी होती. तुम्हाला ती नदी सांगू का? पलीकडचा काठ दिसत नव्हता इतकं पाणी. माणसं त्या पाण्यावर घरं बांधून राहत होती. मी ते पाणी बघत उभी होते आणि मनात हिशेब चालला होता, की खरं बाहेर पडलं तर मी स्पर्धेतून आजच जाईन. होडीवाल्या बाईची फिल्म अर्धीच राहील.

मी म्हणाले, “थांबा थोडं. शेवटचा भाग होऊ द्या.”

आणि मग मी जे म्हणाले ते आजवर माझ्या तोंडातून पुन्हा निघालेलं नाही —

“आणि मला कळलंय हे मामीला सांगू नका.”

“ठीक हाय,” ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला कधी ‘बेटा’ म्हटलं नाही. परत आल्यावर मॅडम म्हणायला लागले. लोकांना वाटायचं, कौतुकानं म्हणतात.

होडी आली, मी चढले. त्या दिवशी मी फार चांगलं शूट केलं. हात कापला नाही, लक्ष विचलित झालं नाही. याची मला जितकी भीती वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

मी जिंकले.

मुंबईतली चॅनलची कामं उरकून परत आले तोवर पाऊस होऊन गेला होता आणि बारवेत खरोखरचं पाणी होतं. उपसलेली बारव, ती भरणारच. सगळं आपोआप मिटलं होतं. मामी सोडून. ओढ्यापलीकडून पाणी आणताना ती चढावर घसरली होती, हमीदभाईंच्या फोननंतर आठवड्यानं. खुबा मोडला. तेव्हापासून ती काठी घेऊन चालते, बारवेच्या पायऱ्या तिला उतरता येत नाहीत.

नव्या जिल्ह्याच्या समितीनं उदगीरला माझा सत्कार ठेवला. जिल्हा अजूनही व्हायचाच आहे, पण त्या दिवशी बॅनरवर ‘नियोजित जिल्ह्याची कन्या’ म्हणून माझा फोटो लावला होता. वाडीची माणसं जीप करून आली होती. ज्यांनी तो सगळा महिना डोक्यावर पाणी वाहिलं त्या बायका पुढच्या रांगेत नव्या लुगड्यांत बसून टाळ्या वाजवत होत्या. मामीला धरून स्टेजवर आणलं, माझ्या शेजारी बसवलं. कुणीतरी तिच्यापुढं माईक धरला. ती जन्मात माईकवर बोललेली नव्हती. मला वाटलं लाजेल. पण ती ताठ बसली आणि बोलली.

म्हणाली, “माझी नंदा लई मायाळू हाय. पान्याचे हाल झाले, मी पडले, तवा घरचे म्हनले तिला फोन करू. मी म्हनलं, न्हाई. तिला कळलं तर समदं टाकून पळत यील. म्हनून आमी तिला काईच कळू दिलं न्हाई.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामीनं माझ्याकडं पाहिलं — तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तसा माझ्या कुठल्याच फिल्ममध्ये नाही. हमीदभाई मागं, खुर्च्यांच्या शेवटी उभे होते, शूटिंग करत. त्यांचा कॅमेरा आमच्या दोघींवर होता.

मी मामीचा हात धरला आणि हो, बरोबर आहे, अशी मान हलवली.

हमीदभाई नंतर वारले. आता मी नांदेडला मुलांना कॅमेरा शिकवते, आणि बरी शिकवते. मामी आहे. कुणी पाहुणा आला की नातवाच्या मोबाईलवर त्याला बारवेची फिल्म दाखवायला लावते, आणि फिल्म संपली की त्याला तेच सांगते जे स्टेजवर सांगितलं होतं. मी तिथं असले तरी सांगते. मी ऐकून घेते.

मला कळलं होतं. मी गेले नाही.