जिन्याच्या वळणाला प्लास्टर

सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट हमालांच्या हातून निसटलं आणि जिन्याच्या वळणावर आदळलं. कपाटाला पोचा आला. कठड्याच्या वळणाचं लाकूड मात्र दोन तुकडे होऊन खाली पडलं.

ताई माझी शेजारीण; मी तिच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहते. आवाज ऐकून बाहेर आले तोवर ताई जिन्यात पोचली होती. तिने तुकडे उचलले, एकमेकांना लावून पाहिले.

"लांब, तिरकं तुटलंय. चुरा झालेला नाही," ती म्हणाली. "बसेल."

हाडाबद्दल बोलावं तसं ती बोलली. त्यात नवल नव्हतं. एकतीस वर्षं ती दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये होती.

एकोणिसाव्या वर्षी तिथे झाडलोट करायला लागली. मग पट्ट्या गुंडाळायला बसवली. मग एक दिवस प्लास्टर घालणारा माणूस आला नाही, डॉक्टर वैतागले, आणि ताईने हात पुढे केला. त्यानंतर डॉक्टर हाड बसवायचे आणि प्लास्टर ताई घालायची. गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिचे दोन्ही अंगठे रुंद आणि चपटे आहेत. तिला माणसं नावाने आठवत नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की हसते, आणि तो पुढे गेला की माझ्या कानात सांगते, "डावं मनगट. फार रडला होता."

तुटलेलं लाकूड तिला इतकं जवळचं का, ते सांगायला हवं. ताईचे वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. जन्मभर बस चालवली. आता डोळे जवळजवळ गेलेत, उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी रोज सकाळी ते एकटे खाली उतरतात. उजवा हात कठड्यावर. बारा पायऱ्या, वळण, दहा पायऱ्या, फाटकाजवळचा बाक. वळणावर पोचले की तोंडाने हॉर्न वाजवतात. माझी झोप त्यानेच मोडते. तासभर बाकावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पायाच्या आवाजावरून ओळखतात, टोमणे मारतात आणि वर येतात. दिवसभरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच.

वळणावरच्या पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या आहेत. भिंत गुळगुळीत. तिथे हाताला फक्त कठडा.

मंगळवारी नाना कुणाला न सांगता निघाले. बारा पायऱ्या उतरले. हात पुढे सरकला आणि हवेत गेला. ते पडले नाहीत, पण मटकन खाली बसले. गुडघा सोलवटला. ताईने त्यांना उठवलं तेव्हा ते म्हणाले, "रस्ता खचलाय. फलक तरी लावायचा."

संध्याकाळी ताईच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. वाईट माणूस नाही. ताईने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"ताई, रविवारी गाडी घेऊन येतो. नानांना आता माझ्याकडे राहू दे. तळमजला आहे, जिना नाही. तू तरी किती दिवस त्यांच्यामागे धावणार?"

नाना खुर्चीतून म्हणाले, "तुझ्या दारासमोर हमरस्ता. तिथे मी कुठे जाऊ? पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर?"

"नाना, पडलात तर कोण जबाबदार?"

"रविवारी नाना आपले आपण खाली उतरले तर?" ताईने विचारलं.

भाऊ म्हणाला, "उतरले तर मी चकार शब्द काढणार नाही. पण ताई, तुटलेल्या कठड्यावर नाही हं."

"तुटलेल्यावर नाहीच," ताई म्हणाली.

बुधवारी सकाळी सुतार आला. तुकडे हातात फिरवले. हे लाकूड एकाच वेळी वळतं आणि खाली उतरतं, वरून गोल आहे, खालून खोबणी आहे. कुठेही दोन बाजू समोरासमोर सपाट नाहीत. त्याने पिशवीतून क्लॅम्प काढला, तुकडे जुळवून त्यात धरले आणि स्क्रू आवळला. क्लॅम्प ओल्या साबणासारखा सटकला.

"बघितलंत? घोडं इथेच पेंड खातं. गोंद कितीही चांगला लावा, वाळेपर्यंत सगळीकडून सारखा दाब हवा. इथे दाबलं की तिथे उघडतं. वळणाला खालून आधार नाही, दोन टोकांच्या बोल्टांवर लटकतं ते. सांधा कच्चा राहिला आणि नानांनी भार टाकला, तर?"

"मग?"

"नवीन कोरून देतो. महिना लागेल. नाहीतर दोन सरळ पाइप बसवा, वळण मोकळं सोडा."

"चार क्लॅम्प ठेवून जा," ताई म्हणाली.

"कशाला?"

"ठेवा तर."

"मोडले म्हणजे?"

"मोडले तर प्लास्टर घालून देईन."

तो हसला, पण क्लॅम्प ठेवून गेला.

ताईने टेबलाचा खण रिकामा केला. बटणं, बिलं, जुन्या चाव्या पलंगावर ओतल्या. मला म्हणाली, "तुला आज काही वाचायचं नसेल तर बादली आण."

तिने तुकडे जुळवले, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावली. त्यावर कापसाची पट्टी गुंडाळली, एक फेरा दुसऱ्यावर अर्धा चढवत. इतकी भराभर की मला बोटं दिसेनात. वरून पातळ प्लास्टिक. मग प्लास्टर कालवून खणात ओतलं आणि लाकूड त्यात निम्मं बुडवलं, तुटलेली रेघ आडवी राहील असं.

"हात लाव," ती म्हणाली.

प्लास्टर गरम होत होतं. मला हे माहीत नव्हतं. मी हात काढलाच नाही.

ते घट्ट झाल्यावर तिने वर व्हॅसलीन फासलं आणि उरलेला खण प्लास्टरने भरला. दुपारी खण उलटा केला, ठोकला. पांढरी वीट बाहेर पडली. मधोमध पातं घालून उघडली तर दोन भाग झाले. बाहेरून सपाट, आतून लाकडाच्या प्रत्येक चढउताराचा ठसा. चष्म्याच्या डबीत चष्मा बसावा तसं लाकूड आत बसत होतं.

"आता क्लॅम्पला सपाट जागा मिळाली," ताई म्हणाली. "सुताराला काय कळतंय."

मी साहित्यात एम.ए. केलंय. पाच वर्षं रूप आणि आशय यावर लिहिलं. त्या विटेकडे बघत मी जमिनीवर बसून राहिले.

गुरुवारी संध्याकाळी तिने गोंद लावला, तुकडे पुन्हा तसेच गुंडाळून साच्यात ठेवले आणि वर-खाली फळ्या देऊन क्लॅम्प आवळले. शुक्रवारी सकाळी उघडलं. सांधा बाहेरच्या बाजूने मिटला होता. आतल्या बाजूने नख जाईल एवढी फट होती.

ताईने ठशात अंगठा फिरवला. मग गुंडाळलेला कापूस सोडून हातात घेतला. तो एका ठिकाणी कागदासारखा चपटा झाला होता, दुसऱ्या ठिकाणी अजून फुगलेला होता.

"कापूस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कापसाशिवाय मी आयुष्यात प्लास्टर घातलं नाही. कातडी सोलते, सूज आली की हात काळा पडतो. पहिल्या दिवशी शिकले ते हेच. पण लाकडाला कुठे कातडी आहे? सगळा दाब कापसाने खाल्ला. जिथे जाड बसला तिथे जास्त, पातळ तिथे कमी." तिने कापूस कचऱ्यात टाकला. "हाताने आपोआप केलं गं. विचारलंसुद्धा नाही मला."

तेवढ्यात सुतार क्लॅम्प न्यायला आला. फट पाहिली. "मी म्हटलं होतं," तो म्हणाला.

"म्हटलं होतंत. क्लॅम्प रविवारी मिळतील."

"ताई, आता असंच राहू द्या. फटीत भुसा आणि गोंद भरतो. वरून पॉलिश. कळणारसुद्धा नाही."

"नानांचा भार पॉलिशवर टाकू?"

सुताराने कानाची पाळी चोळली आणि तो खुर्चीवर बसला.

तिने पाणी उकळायला ठेवलं. मी विचारलं, "मोडायचं?"

"वाकडं बसलेलं हाड मी कधी तसं घरी पाठवलं नाही."

दीड तास ती गरम पाण्याचं फडकं सांध्यावर धरत होती, पिळत होती, पुन्हा धरत होती. गोंद अजून पुरता पिकला नव्हता. तो दुधाळ झाला. तिने पातळ सुरी फटीत घातली आणि जोर न करता वाट पाहत बसली. नाना आतून विचारत होते, "पंक्चर निघालं का?" शेवटी हलकासा आवाज झाला आणि तुकडे सुटले. मोडले नाहीत, सुटले. जुन्या दात घासायच्या ब्रशने तिने कण न् कण साफ केला. तुकडे दुपारभर पंख्याखाली ठेवले.

सुतार तोवर गेला नव्हता. तो म्हणाला, "एक सांगू? तुमचे दोन साचे एकमेकांना टेकतायत. मग दाब साच्यावर जाणार, लाकडावर नाही. मध्ये बोटभर जागा सोडा."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "हे बुधवारी सांगायचं."

"बुधवारी तुम्ही विचारलंत कुठे?"

"चहा घ्या," ताई म्हणाली.

चार वाजता नवीन साचा. या वेळी फक्त पातळ प्लास्टिक. कापसाचं भेंडोळं तिने माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "हे तुझ्या खोलीत नेऊन ठेव. इथे असलं तर हात जाईल."

साचा सुटल्यावर तिने दोन्ही भागांच्या कडा खरवडल्या. बोटभर जागा सुटली. त्या जागेतून सांध्याची रेघ दिसत होती.

शनिवारी सकाळी दहाला तिने गोंद लावला. दोन्ही बाजूंना, बोटाने, पातळ. सांध्यावर आधीच पेन्सिलीने आडव्या खुणा केल्या होत्या. खुणेला खूण जुळवली, साचा मिटला, फळ्या ठेवल्या, चारही क्लॅम्प नुसते टेकवले.

"आता तू बघ. रेघेवर गोंदाचे थेंब येतील. कुठे आले, कुठे नाही, सांगायचं."

पहिल्याला अर्धा आटा. दुसऱ्याला अर्धा. तिसऱ्याला, चौथ्याला. परत पहिल्याला. एकालाही तिने जास्त दिलं नाही. प्रत्येक आट्यानंतर हात काढायची आणि थांबायची.

"डावीकडे आले," मी म्हणाले. "मध्ये आले. उजवीकडे कोरडं आहे."

"किती?"

"दोन बोटं."

चौथ्याला अर्धा. मग तिसऱ्याला पाव. मी रेघेजवळ वाकले. कोरड्या जागी एक थेंब आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग सबंध रेघेवर मण्यांसारखे सारखे थेंब उभे राहिले.

"आले," मी म्हणाले. "सगळीकडे."

"मग आता हात लावायचा नाही. मी नाही, तू नाही, नाना नाही." तिने हात धुतले. दुपारी ती झोपली. मी चारदा जाऊन बघून आले.

रविवारी दहाला साचा उघडला. मी फट शोधली. नव्हती. ताईने अंगठा फिरवला आणि एका जागी थांबली.

"किंचित सरकलंय. खूण जुळवताना."

"कितीने?"

"अर्धा मिलिमीटर. असू दे. मिटलंय सगळीकडे." तिने सुताराला फोन केला.

त्याने दोन्ही टोकांना बोल्ट लावले, आवळले. मग न विचारता वळणाला दोन्ही हातांनी धरून गुडघे मुडपले आणि सगळं वजन टाकलं. काहीच झालं नाही. तो उभा राहिला, पुन्हा लटकला.

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

अकराला भाऊ आला. हातात रिकामी बॅग होती. त्याने वळण पाहिलं, ताईकडे पाहिलं, बॅग पायरीवर ठेवली. तो चांगला वजनदार आहे. त्यानेही कठड्यावर भार टाकून पाहिला. लाकूड गप्प राहिलं.

"नाना," ताईने हाक मारली, "उतरा."

ती स्वतः खाली जाऊन फाटकाजवळ उभी राहिली. नाना दारात आले. बूट घातले होते. त्यांचा हात कठड्यावर पडला. भाऊ त्यांच्या मागे सरकला.

"हात मागे," ताई खालून म्हणाली. तिला तो दिसतही नव्हता.

एक पायरी. दोन. मी मोजत होते. बाराव्या पायरीला नानांनी हॉर्न वाजवला. मंगळवारी हात हवेत गेला होता तिथेच तो थांबला. बोटं आधी पुढे आली, लाकडाला टेकली, मग मूठ मिटली. निमुळत्या पायऱ्यांवर पाय एकेक करत वळला. मध्यावर अंगठा अडला. मागे गेला, परत पुढे आला.

"इथे काय आहे?"

सुतार आपल्या बोटांकडे बघायला लागला.

"सांधा आहे, नाना," ताई म्हणाली. "जरासा वर राहिलाय."

नानांनी अंगठा अजून एकदा फिरवला. "गतिरोधक होय? राहू दे. वळण संपत आलं, ते कळतं." आणि ते पुढे निघाले.

दहा पायऱ्या. बाक. बसल्यावर त्यांनी मान वळवली, जिन्याच्या दिशेने. भाऊ मधल्या पायरीवर उभा होता.

"कोण, धाकटा ना? पाय घासत चालायची सवय गेली नाही तुझी. बस इथे."

भावाने बॅगेकडे पाहिलं. ती उचलून वर आमच्या मजल्यावर, ताईच्या दाराआड ठेवली आणि खाली येऊन नानांशेजारी बसला. शब्द दिल्याप्रमाणे तो काहीच बोलला नाही. नानाच बोलत होते.

ताई वर आली. येताना वळणावर तिने सांध्याला हात लावला नाही. माझ्या दाराशी थांबून म्हणाली, "तो कापूस दे माझा. उद्या खालच्या मजल्यावरची येणारेय. म्हणते, मनगट दुखतंय."