अक्काची मैलूरची खोली

अक्का गेल्याचा निरोप गुलबर्ग्याला माझ्या ऑफिसात फोनवर आला. पाटबंधारे खात्याच्या त्या हॉलमध्ये एकच फोन, तोही साहेबांच्या टेबलावर. साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे वळवलं, तेव्हाच मला कळलं. पलीकडून अक्काची शेजारीण खैरुनबी बोलत होती. "माणिकभाई, आपा गये. सोये जैसेच थे..." हुमनाबादमार्गे बिदरला पोचेपर्यंत दुपार झाली. शहराच्या मैलूर भागातल्या अक्काच्या गल्लीत माणसं दाटली होती. अक्काची खोली बारा बाय दहाची. आत चार माणसं उभी राहिली की पाचव्याला जागा नाही, म्हणून सगळे बाहेर उन्हात. आणि त्या उन्हात उभं राहून आमचेच नातेवाईक बोलत होते, "काय दशा झाली बघा बाईची. नौबादला नऊ खोल्यांचं घर होतं, अन् मरण कुठं आलं बघा." मी अक्काच्या पायाशी बसलो होतो. रडू यायला हवं होतं, पण राग आला. सहा आठवडे झाले, अजून तो उतरलेला नाही.

अनसूया माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. बिदरच्या मराठी शाळेत तिच्या हाताखालून दोन पिढ्या गेल्या, त्यांच्यासाठी ती अनसूयाबाई. मला मात्र अक्का. आम्ही मूळचे मादन हिप्परग्याचे. गावाबाहेर आमच्या वस्तीत एक कुडाचं खोपट होतं, त्यात आम्ही सात माणसं. दार इतकं बुटकं, की बाबांना कमरेत वाकल्याशिवाय आत येता येत नसे. गावात घर बांधायची आम्हाला मुभा नव्हती, कितीही राबलं तरी जागा तीच. आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला त्याच सुमाराला वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली. बाबांनी घरातले देव ओढ्यात सोडले आणि आईला म्हणाले, "आता माझी लेकरं वाकून घरात शिरणार न्हाईत." अक्का तेव्हा मास्तरकीचं शिक्षण घेत होती. शिकली मराठीत, नोकरी लागली तर सरकारी कागद सगळे कन्नडमध्ये. तिनं वर्षभरात कन्नड लिहायला शिकून परीक्षा दिली आणि पहिल्याच खेपेला पास झाली. त्याबद्दल तिनं कधी चार शब्द बोललेले मला आठवत नाहीत.

अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तहसील कचेरीत होते. दोघांनी मिळून बिदरमध्येच नौबादला घर बांधलं. एकेक खोली करत करत नऊ झाल्या. पुरं झालं तेव्हा बाबांना गावाहून आणलं. बाबा प्रत्येक दारात थांबले आणि त्यांनी वर हात केला. एकाही चौकटीला हात पोचला नाही. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. त्या दिवशी ते घर आम्हा सगळ्यांचं झालं... आणि नेमकी तिथंच अक्काची फसगत झाली.

कारण आम्ही ते खरंच आमचं समजलो. गावाकडचं कोणी दवाखान्यात दाखवायला आलं, की मुक्काम अक्काकडं. कोर्टाची तारीख असली की अक्काकडं. लग्नाची बोलणी अक्काच्या बैठकीत, बाळंतपणं अक्काच्या मागच्या खोलीत. माझी दोन्ही पोरं सहा वर्षं तिच्याकडं राहून शिकली. मी महिन्यातून एकदा जायचो, जेवायचो, पोरांच्या वह्या चाळायचो आणि तिनं बांधून दिलेला डबा घेऊन परत यायचो. अक्का उजाडायच्या आधी उठून दहा-पंधरा माणसांचं पीठ मळायची, मग शाळा, शाळेतून आली की पुन्हा चूल. नऊ खोल्या झाडायला रोजचा दीड तास. एकदा परीक्षेच्या दिवसांत मी अवचित गेलो तर ती मागच्या दारी, धुणं धुवायच्या दगडावर बसून पेपर तपासत होती. मी विचारलं, "इथं कामून बसलीस अक्का?" ती म्हणाली, "आत जागा कुठाय?" मला तो विनोद वाटला. मी हसलो. माझ्या त्या हसण्याची आज मला चीड येते.

दाजी वारले, मुलगा सुधाकर हैदराबादला इंजिनीअर झाला आणि तिथलाच झाला, तरी घर काही रिकामं झालं नाही. दाजी गेले त्याच वर्षी अक्काला जनगणनेच्या कामासाठी औराद तालुक्यातल्या एका खेड्यात पाठवलं. आठवडाभर ती शाळेच्या एका खोलीत राहिली. एक ट्रंक, एक स्टो, एक चटई. दिवसभर घरं मोजायची, परत येऊन खिचडी टाकायची, कडी लावून झोपायची. तिथून आली ती वेगळीच. मला म्हणाली, "माणिक, तिथं मी लावलेली कडी कुणी वाजवली न्हाई. चष्मा जिथं ठेवला तिथंच सकाळी सापडला. तुला सांगून कळायचं न्हाई." मला खरंच कळलं नाही. मी तिला म्हणालो, दमलीस, थोडे दिवस रजा टाक.

तीन वर्षांनी तिनं नौबादचं घर विकायला काढलं आणि मैलूरला दोन गुंठेसुद्धा नसलेल्या तुकड्यावर एक खोली बांधायला घेतली. आम्हाला कळलं तेव्हा भिंती चढल्या होत्या. मग नौबादच्या बैठकीत आम्ही सगळे जमलो. सुधाकर म्हणाला, "आई, लोक म्हणणार पोरानं घरातून काढलं. मी तोंड कसं दाखवू?" अक्का म्हणाली, "तुझ्या तोंडाचं तू बघ. मी माझ्या पाठीचं बघायलेय." सगळ्यात वाईट मी बोललो. उभं राहून, आवाज चढवून बोललो. "बाबांनी ज्या खोपटातून आपल्याला वर काढलं, त्याच खोपटात तू परत जायलीस. बाबांच्या जन्माची माती केलीस." अक्का हळू आवाजात म्हणाली, "खोपटात आपल्याला ठेवलं होतं, माणिक. ह्या खोलीत मी जायलेय. तुला दोन्ही एकच दिसायलंय?" मी चपला घातल्या आणि बस धरली. पुढं दीड वर्ष मी तिच्या दारात पाऊल ठेवलं नाही.

गेलो तो बायकोच्या बोलण्यानं. ती म्हणाली, "अक्कांनी आपली पोरं शिकवली, आणि तुम्ही त्यांच्या भिंती मोजत बसलात." मैलूरला पोचलो. दार उघडं होतं. मी शिरताना मान खाली घालून वाकलो, आणि आतून अक्काचा आवाज आला, "वाकतोस कामून? बघ तरी वर." चौकट माझ्या डोक्याच्या हातभर वर होती. खोलीत एक बाज, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीत दोन फडताळं, कोपऱ्यात ओटा, मागं मोरी. पूर्वेला मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल. अक्कानं खुर्चीवरून न उठता हात लांब करून चहाचं भांडं खाली घेतलं. मला खोली दाखवताना तिचा चेहरा असा झाला होता, जसा नौबादचं घर दाखवताना कधी झाला नव्हता. "चहा उकळेपर्यंत झाडून होतंय बघ. हे टेबल माझं. ह्यावर दुसऱ्या कुणाचं काही ठेवत न्हाई. शाळेतून येते अन् दोन तास नुसती बसते. काय करते म्हणशील तर काहीच करत न्हाई." पन्नाशी उलटलेली बाई, आणि दप्तरात नवी पाटी मिळालेल्या पोरीसारखी बोलत होती.

संध्याकाळ झाली, तसं मी सवयीनं विचारलं, अंथरूण कुठं टाकू. ती म्हणाली, "मुक्काम करायचा तर बसस्टँडजवळ लॉज हाय." मला वाटलं ती थट्टा करतेय. ती करत नव्हती. मी चिडलो. सख्ख्या भावाला लॉजवर पाठवतेस, असं काहीतरी म्हणालो. तेव्हा ती जे बोलली ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. "तुला बाबांची लाज राखायची न्हाई, माणिक. तुमची उतरायची सोय गेली, म्हणून तुम्ही सगळे चिडलाव. तू पण. व्हय का न्हाई, सांग." मी लॉजवर झोपलो, म्हणजे पडून राहिलो. पहाटे उठलो तेव्हा तिचं म्हणणं खरं आहे हे मला माहीत होतं, आणि तिनं ते बोलून दाखवलं याचा राग तरीही जात नव्हता. त्यानंतर जात राहिलो, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आमची बोलणी सुधारली, पण "चुकलो" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तो आता कुणाला सांगू...

महिन्याभरानं शाळेत शोकसभा झाली. तिघे बोलले. एकानं तिला साध्वी केलं. दुसऱ्यानं सांगितलं, बाईंनी राजमहालाचा त्याग करून झोपडी स्वीकारली. तिसरा सुधाकर. तो म्हणाला, आईला आम्ही फार आग्रह केला, पण तिचा स्वभाव विरक्त. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी माना डोलवल्या. मी न बोलावता उठलो. म्हणालो, "अक्कानं काही त्याग केला नाही. तिला जे हवं होतं ते तिनं घेतलं, आणि ते आम्ही तिला तीस वर्षं मिळू दिलं नव्हतं. पेपर तपासायला ती धुण्याच्या दगडावर बसायची. तिच्या ताटातलं आम्ही खाल्लं, आणि आता तिची आरती ओवाळतोय. आधी मी खाल्लं, मग ह्या सगळ्यांनी." पुढं काय बोललो ते आठवत नाही. सुधाकर उठून बाहेर गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. मी एक शब्द मागं घेणार नाही.

परवा खोली आवरायला गेलो. रविवार होता, दहा वाजले असतील. किल्ली काढली, तेवढ्यात पलीकडच्या पायरीवरून खैरुनबी म्हणाली, "भाईसाब, अभी नक्को. ग्यारा बजे." मला समजेना. तिनं सांगितलं ते असं, की रविवारी अकरापर्यंत आपा दार उघडत नसत. गल्लीतली पोरं तोवर त्या दारासमोर गोट्यासुद्धा खेळत नसत, भाजीवाली आवाज न देता पुढं जायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं, गल्ली आत्ताही शांत होती. पोरं लांब चिंचेखाली खेळत होती. आत कोणी नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी किल्ली खिशात घातली आणि खैरुनबीच्या पायरीवर अकरा वाजेपर्यंत बसून राहिलो.