कलमं पाठ असलेल्या बाई

"करारात आहे काय ते?" असं विचारून त्या डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. नियमावर बोट ठेवणारं माणूस तुमच्याही इमारतीत असेल. पण ते बहुतेक फ्लॅटचं मालक असतं. आमच्याकडच्या या बाई इथे येण्याआधी दोन वर्षं बेघर होत्या.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या आमच्या लहानशा सहकारी गृहसंस्थेची मी सेक्रेटरी. नोकरीसाठी नाशिकहून इथे आले आणि बाकी कुणाला वेळ नव्हता म्हणून सेक्रेटरी झाले. तळमजल्यावरच्या संस्थेच्या दोन खोल्या वर्षानुवर्षं बंद होत्या. बेघरांसाठी रात्रनिवारा चालवणाऱ्या एका मंडळाने त्या मागितल्या. पुष्कळ बैठका आणि पुष्कळ कुरकुर झाल्यावर करार ठरला. तीन बायका तिथे राहतील, जिना आणि अंगण झाडतील. दुरुस्त्या संस्था करून देईल. बाहेरच्या कुणाला मुक्कामाला ठेवायचं नाही. जी ठेवेल तिने जागा सोडायची आणि तिच्या जागी मंडळ दुसरी बाई पाठवेल.

दोघींनी निमूटपणे अंगठे उठवले. या बाईंनी मात्र कानडीतली सगळी पानं वाचायला घेतली. "स्वल्प थांबा मॅडम," त्या मला मराठीत म्हणाल्या. मी चमकून पाहिलं. "आमचे लोक तुमच्याकडूनच आलेले, आजोबा कापड छापायचे, रंगवायचे. घरात मराठीच. पण आमचं मराठी हे असलं, अर्धं कन्नड, अल्वा, नाही का!" आणि हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पाहिलं, पुढे फारसं नाही. नवऱ्याच्या आजारपणात सगळं गेलं होतं, भाड्याचं घरसुद्धा. देवराज मोहल्ल्यातल्या एका शिंप्याकडे त्या साड्यांना फॉल लावायच्या आणि झोपायला बसस्टँडवर जायच्या, पुढे मंडळाच्या निवाऱ्यात.

महिन्याभरात त्यांना सगळी कलमं पाठ झाली. संध्याकाळी ऑफिसातून दमून यावं, तर या जिन्यापाशी उभ्या. "नळ गळतोय मॅडम. नववं कलम. पंधरा दिवसांत दुरुस्ती. आज सोळावा." चप्पल काढायच्या आधी नळ! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जुना मिक्सर देऊ केला, तर तोही परत. "सुम्मने नको," म्हणाल्या. सुम्मने म्हणजे उगाच, फुकट. वहिनी चिडल्या. खरं सांगायचं तर मीही चिडले होते. आपण जागा दिली आणि ही बाई आपल्यालाच शिस्त लावते, असं वाटायचं.

मग एकदा वहिनींच्या यजमानांनी मला गच्चीवर नेलं आणि वाळत घातलेल्या साड्या दाखवल्या. "नीट बघा. या चौघींच्या आहेत."

खाली चौथी बाई होती. निवाऱ्यातली ओळखीची, पाय प्लास्टरमध्ये. निवाऱ्यातून सकाळी सगळ्यांना बाहेर पडावं लागतं. प्लास्टर घेऊन तिने दिवसभर जायचं कुठे? म्हणून बाई तिला रिक्षात घालून घेऊन आल्या होत्या आणि स्वतः जमिनीवर झोपत होत्या.

रविवारी सकाळी कमिटी बसली. मी वाक्य तयार ठेवलं होतं : दोन दिवसांची पाहुणी आहे, जाईल. पण मी तोंड उघडायच्या आत बाईच बोलल्या.

"पाहुणी नाही. नऊ दिवस झाले. सहावं कलम मी मोडलं."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माझी जागा आता रिकामी होते, होय ना? मग मंडळाला सांगून हिला ठेवा. ते करारात बसतं."

"नियम तो नियम," वहिनींचे यजमान पुटपुटले, पण मान वर न करता. करारात एक ओळ घालून तीनच्या जागी चार करता आलं असतं, तिथल्या तिथे. कुणी सुचवलं नाही. मीही नाही. आठवडाभर ऑफिसात राबले होते आणि घरी जाऊन आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. त्यांची जागा प्लास्टरवालीला, असं मी इतिवृत्तात लिहिलं आणि वही मिटली.

एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी घेऊन त्या निघाल्या. कुठे जाणार, असं मी विचारलं.

"भाची आहे नंजनगूडला."

मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं.

महिन्याभराने वार्षिक सभेत मी चार बायकांचा ठराव मांडला. अनुमोदन द्यायला वहिनींचे यजमान उभे राहिले. पाच मिनिटांत मंजूर. त्या पाच मिनिटांची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बस पकडून देवराज मोहल्ल्यात गेले. नंजनगूडची भाची नव्हतीच. बाई शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर मांडीवर साडी घेऊन बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मी ठराव सांगितला. म्हटलं, चला, चौथी जागा तुमची.

त्यांनी टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला. "नको मॅडम."

"आता करारातच आहे, बाई."

"म्हणूनच." त्यांनी सुईत नवा दोरा ओवला. "पहिल्या दिवसापासून भीती. आज काय चुकलं, आज कोण बाहेर काढणार. म्हणून पाठ केलं सगळं. तुम्हाला वाटलं असेल, ही भांडते. दमले हो मी त्यानं. इथं पायरीवर कुणी विचारत नाही."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. कॉफी प्यायलो. त्यांनी खोल्यांमधल्या तिघींची चौकशी केली, प्लास्टर निघालं का विचारलं. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा पायरीवर कुणी नव्हतं. शिंपी म्हणाला, गेल्या, कुठे ते सांगितलं नाही. त्यानंतरही दोनदा जाऊन आले.

चौथी खाट मंडळाने पाठवलेल्या एका बाईला दिली. रिकामी ठेवणं बरं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती वर आली आणि दाराबाहेर उभी राहून तिने विचारलं, भिंतीला एक खिळा ठोकला तर चालेल का, देवाचा फोटो लावायचाय.

करार कपाटात होता. मी तो काढला नाही. हातोडी शोधून दिली.