सात शे

म्हसावदच्या शाळेत आम्ही चौथीत होतो. स्कॉलरशिपसाठी हुशार मुलं निवडायला पुण्याकडचे दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, आले. एकेकाला उभं करून ते तोंडी गणित घालत. माझ्या शेजारच्या मुलीला त्यांनी विचारलं, "कोणत्या संख्येची चौपट अठ्ठावीस?" मी अजून बोटं मोजत होते, तोवर तिचं उत्तर आलंसुद्धा: "सात शे."

आमच्या गावच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. साहेबांनी ऐकलं सातशे. "चौपट अठ्ठावीस, आणि म्हणे सातशे! बस खाली." ती ठासून म्हणाली, "सातच शे, साहेब." साहेबांना वाटलं, पोरगी उलट बोलते. गुरुजी इथलेच, घरी अहिराणीच बोलणारे, पण हातातल्या खडूकडे बघत राहिले. एक शब्द बोलले असते, तर काय जीभ झडली असती?

मग तोच प्रश्न मला. माझे वडील बदलीवर आलेले कारकून, त्यामुळे माझ्या तोंडात पुस्तकातली मराठी. मी म्हटलं, "सात आहे." साहेबांनी माझी पाठ थोपटली.

ती परीक्षा हुशारीची होती असं कुणी म्हटलं, की अजून माझं डोकं फिरतं. गणित तिचं होतं. माझं होतं ते नुसतं 'आहे'.