सत्काराचा नारळ

धाड गावात निवेदिताचा सत्कार झाला तेव्हा बॅनरवर तिचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता; बाकी सगळी जागा पुढाऱ्यांनी अडवली होती. मागे एक जहाज छापलं होतं, तेही तोफांचं. ही बाई तेरा वर्षं सरकारी जहाजावरून खोल समुद्राच्या तळाचा गाळ काढते आणि तपासते, तिचा तोफांशी काय संबंध, हे विचारायची तसदी कोण घेणार? आयोजक राजकुमार माइकवरून तिला तीनदा ‘समुद्रकन्या’ म्हणाला आणि चौथ्यांदा तिचं नावच विसरला. मग शाल, नारळ, टाळ्या. निवेदिता हसून उभी राहिली, कारण पहिल्या रांगेत तिचे वडील वामनराव इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

याच गावानं तिला काय कमी ऐकवलं होतं? भूगर्भशास्त्र शिकून समुद्रावर नोकरी करणार म्हणाली, तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात समुद्र कुठं आहे, असं विचारून माणसं पोट धरून हसली होती. वामनरावांनी तर बी.एड.चा फॉर्म परस्पर भरून तिच्या नावाची सहीसुद्धा ठोकली होती. तिनं तो फाडून चुलीत घातला. सरकारी संस्थेची मुलाखत पहिल्यांदा हुकली, दुसऱ्यांदा जमली. पहिल्या सफरीत अकरा दिवस पोटात अन्न ठरलं नाही. एका हातानं बादली धरून दुसऱ्या हातानं ती वहीत गाळाचा रंग लिहायची. चार किलोमीटर खाली लांब नळा खुपसायचा, तासन्‌तास वाट बघायची, आणि वर यायचा तो चिखल. दिसलं तेवढंच लिहायचं, उरलेल्या रकान्यात ‘माहीत नाही’, ही तिथली शिस्त. तिच्या वरिष्ठ वासंती मॅडम, ज्या वहीत हे दोन शब्द नसतील ती वही तोंडावर परत फेकत. धाडमध्ये हे दोन शब्द निवेदितानं जन्मात कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

सत्कारानंतर सगळं गाव तिच्या मागोमाग वामनरावांच्या वावरात आलं. विहीर आटली होती, बोअर मारायचा होता. पोरगी चार किलोमीटर पाण्याखालचं सांगते, ती आली की जागा दाखवेल, असं वामनरावांनी वर्षभर सांगून ठेवलं होतं. तिला सोडून सगळ्यांना. निवेदितानं सरळ सांगितलं की जागा तिला माहीत नाही, आधी बुलढाण्याच्या भूजल ऑफिसकडून तपासणी करून घ्यावी.

“ताई, समुद्राच्या बुडाचं सांगता, अन्‌ बापाच्या वावराचं सांगता येत नाही?” राजकुमार म्हणाला.

वामनरावांची मान खाली गेली. पुंजाजी तर संधीच बघत होते. नात्यानं तिचे काका, धंद्यानं पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, जिथं तो उभा राहील तिथं पाणी. त्यांनी दाखवलेल्या बोअरपैकी निम्मे कोरडे, पण मानपान शाबूत. त्यांनी निवेदिताच्या पिशवीतून सत्काराचाच नारळ उचलला, वावराला फेरी मारली, आणि बांधाजवळ नारळ उभा राहिला. अंगठा कसा लावला ते निवेदिताला स्वच्छ दिसलं. अडीचशे फुटांवर नदी वाहून राह्यली, असं पुंजाजींनी जाहीर केलं. वामनरावांनी मुलीकडे न बघता होकार दिला. तिला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बोअरची गाडी लागली. निवेदिता सत्काराची शाल नाकाला गुंडाळून धुरळ्यात गुडघ्यावर बसली. दर दहा फुटांना वर येणाऱ्या भुकटीची मूठभर पिशवी बांधायची, त्यावर आकडा लिहायचा, रांगेत मांडायची. मॅडम माती जमा करून राह्यल्या, म्हणून लोक हसले. अडीचशेला नदी आली नाही. तीनशेला तिनं वडिलांना शेवटच्या पाच पिशव्या दाखवल्या. पाचही सारख्याच, काळ्या पाषाणाचा कोरडा चुरा. थांबा म्हणाली. पुंजाजी म्हणाले, अजून पन्नास. पन्नास झाले, त्यावर पन्नास झाले. तोच चुरा.

पुंजाजींनी लगेच गुन्हेगार शोधला. निवेदिता चप्पल घालून बोअरजवळ बसली, म्हणून पाणी सरकलं. आता दुसरी जागा दाखवतो म्हणत त्यांनी पुन्हा नारळ तळहातावर घेतला. माना डोलवायला गाव तयारच होतं.

वामनराव मुलीजवळ आले. हळूच म्हणाले, “निवेदिता, खरं सांग. समुद्रात तरी तुले ठाऊक असते का?”

“नाही बाबा. ठाऊक नसते म्हणूनच त जावं लागते.”

ते पिशव्यांच्या रांगेपुढे उभे राहिले. दहापासून चारशेपर्यंतचे आकडे त्यांनी ओणवं होऊन एकेक करून वाचले. मग पुंजाजींकडे गेले, त्यांच्या हातावरचा नारळ उचलला आणि बांधावरच्या दगडावर आपटला.

आत पाण्याचा थेंब नव्हता. खोबरं सुकून काळं पडलं होतं. वामनरावांनी दोन्ही करवंट्या पुंजाजींच्या तळहातावर ठेवल्या आणि निवेदिताला विचारलं, बुलढाण्याचं ऑफिस उद्या किती वाजता उघडते.